टॅब्लेटआधारित सुगम्य शिक्षण

टॅब्लेटवरील ॲपच्या साहाय्याने पाठ्यघटक दृष्टी, श्रवण, वाचा किंवा हालचालींच्या मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यांना ग्रहण करता येईल अशा स्वरूपात पोहोचवण्याच्या अध्यापनपद्धतीस टॅब्लेटआधारित सुगम्य शिक्षण असे म्हणतात. मराठी माध्यमात या पद्धतीचे यश उपकरणापेक्षा मजकूर कोणत्या स्वरूपात साठवला आहे यावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि समावेशक शिक्षणाची जबाबदारी शासकीय व मान्यताप्राप्त शाळांवर टाकली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. बालभारतीच्या पुस्तकांतील कोड टॅब्लेटच्या कॅमेऱ्यासमोर धरला असता या मंचावरील संबंधित पाठाचे साहित्य उघडते.

कार्यपद्धती

अँड्रॉइड टॅब्लेटमधील ‘टॉकबॅक’ ही सुविधा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. पडद्यावर बोट फिरवले की त्याखालील घटकाचे नाव ऐकू येते आणि दोनदा टिचकी मारल्यास तो घटक उघडतो. बोलण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी आयआयटी मुंबई येथे ‘जेलो’ हे ॲप विकसित झाले असून ते मराठीतही उपलब्ध आहे. मुलाने निवडलेल्या चित्राला आवड, नावड, होकार, नकार, अधिक किंवा कमी असा भाव जोडला की ॲप पूर्ण वाक्य उच्चारते.

मराठी मजकुराची अडचण

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली असत. त्यामुळे डोळ्यांना ‘शाळा’ दिसणारा शब्द वाचक ॲपला निरर्थक रोमन अक्षरांची ओळ वाटतो. छायाप्रत काढून केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात, केवळ चित्र असते. पीडीएफमधील एखादा शब्द निवडून अन्यत्र चिकटवल्यास ही बाब तपासता येते. शब्द तसाच उतरला तर मजकूर सहसा वाचनयोग्य असतो. मुद्रित पुस्तकाची दिव्यांगांसाठी सुगम्य प्रत तयार करण्यास प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

पिंपरी-चिंचवड महानगरपालिका मराठीसह उर्दू, हिंदी व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते, तर चाकणलगतच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. आळंदी येथे अंध मुलींची जागृती शाळा आहे. कारखान्यांतील रोजगारामुळे येथे अन्य जिल्ह्यांतून व राज्यांतून कुटुंबे येतात. त्यामुळे घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या मुलांना वाचनाचा आवाज एका भाषेतून दुसऱ्या भाषेत बदलण्याची सोय उपयोगी पडते. घरातील एकमेव मोबाइल पाळीवर गेलेल्या पालकाजवळ असल्यास शाळेच्या टॅब्लेटवर आधीच उतरवून ठेवलेले, इंटरनेटविना चालणारे साहित्य महत्त्वाचे ठरते. कुटुंबाने स्थलांतर केल्यास टॅब्लेट शाळेतच राहतो. खुल्या मंचावरील साहित्य मात्र नव्या गावीही उपलब्ध असते.

मर्यादा

श्रवण हा ब्रेलचा पर्याय नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द यंत्राच्या आवाजात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बोटांनी वाचणाऱ्याला कळतो, केवळ ऐकणाऱ्याला कळेलच असे नाही. म्हणून शुद्धलेखनासाठी टॅब्लेटसोबत ब्रेलचे शिक्षण आवश्यक राहते.