शिसारीचे शास्त्र आणि उशिरा मिळालेला मान

आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात एक तरी पदार्थ असा असतो की तो नुसता समोर आला तरी पोटात ढवळू लागते. कुणाला श्रीखंडाचा वास सहन होत नाही, कुणी अंड्याला हात लावत नाही, तर कुणी साबुदाण्याची खिचडी नको म्हणून उपासाच्या दिवशी नुसत्या केळ्यांवर राहतो. कारण विचारले तर बहुधा एकच हकिगत ऐकायला मिळते. लहानपणी एकदा तो पदार्थ खाल्ला, रात्री उलट्या झाल्या आणि तेव्हापासून त्याचे नाव काढलेले नाही. गंमत अशी की त्या उलट्या तापामुळे झाल्या होत्या किंवा गाडी लागल्यामुळे झाल्या होत्या, बिचाऱ्या श्रीखंडाचा त्यात काही दोष नव्हता, हे त्या माणसालाही पक्के ठाऊक असते. डोक्याला पटलेले असते. पोटाला पटत नाही. यालाच आपण 'शिसारी बसली' असे म्हणतो.

वाचकहो, ही शिसारी म्हणजे काय, ती कशी बसते आणि कशी टाळता येते, यावर मानसशास्त्रात फार मोलाचे संशोधन झालेले आहे. ते करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव जॉन गार्सिया. त्याच्या कामाला त्या शास्त्रातला मानाचा पुरस्कार मिळाला खरा, पण पहिला शोधनिबंध छापून आल्यानंतर तब्बल 24 वर्षांनी. आज त्याची ओळख करून देतो आहे, कारण कॅन्सरच्या पेशंटच्या ताटाशी या संशोधनाचा थेट संबंध आहे.

मानसशास्त्रातला मान

मानसशास्त्र म्हटले की आपल्याकडे अजूनही 'वेड्यांचे शास्त्र' अशी समजूत आढळते. या विषयाला नोबेल पारितोषिकही नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना 1904 साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाला 2002 साली मिळाले ते अर्थशास्त्रात. त्यामुळे या क्षेत्रातले उत्तम काम कोणते, हे सांगायची जबाबदारी त्या क्षेत्रातल्या संस्थांवरच येऊन पडते.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही 1892 साली स्थापन झालेली संस्था. विशेष शास्त्रीय योगदानासाठी तिने 1956 पासून पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी तो तिघांना मिळाला. चिंपांझी माकडे अडचणीतून वाट कशी काढतात हे दाखवणारे कोलर, प्राणी शिकतो कसा याचा अभ्यास करणारे स्पेन्स, आणि पेशंटचे बोलणे मनापासून ऐकून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे असे सांगणारे कार्ल रॉजर्स. गार्सिया यांचे नाव या मालिकेत आले ते 1979 साली.

प्लॅस्टिकची बाटली

गार्सिया यांचा जन्म 1917 साली कॅलिफोर्नियातला. आईवडील स्पेनहून आलेले, शेतात राबणारे. मुलगा आधी मेकॅनिकचे काम करून मग शिक्षणाकडे वळला. डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. 1950 नंतरच्या काळात ते सॅन फ्रान्सिस्को येथील अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. अणुबाँबचा धसका घेतलेला तो काळ. किरणोत्साराचा शरीरावर काय परिणाम होतो, हे तिथे उंदरांवर तपासले जाई.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. किरणांच्या खोलीत नेलेले उंदीर दर खेपेला पाणी कमी कमी पीत. आपल्या नेहमीच्या पिंजऱ्यात परतले की मात्र पोटभर पीत. दोन्हीकडचे पाणी एकच, फरक होता तो बाटलीत. पिंजऱ्यात काचेची बाटली होती आणि किरणांच्या खोलीत प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकची चव पाण्याला लागत होती. किरणांमुळे उंदरांना मळमळे आणि त्या मळमळीचा ठपका ते त्या चवीवर ठेवत.

मग गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम सॅकरीन घातलेले गोड पाणी देऊन प्रयोग केला. उंदराला गोड पाणी फार आवडते. पण ते पिताना एकदाच किरण दिल्यावर उंदरांनी गोड पाण्याकडे पाठ फिरवली. हा निबंध 1955 साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

आपल्या शेतकरी बांधवांना यात नवल वाटणार नाही. झिंक फॉस्फाईडचे आमिष चाखून वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही; म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून उंदरांना सवय लावावी लागते. शेतात जे सर्वांना ठाऊक होते, ते प्रयोगशाळेत मोजून दाखवले गेले इतकेच.

नियमात न बसणारी गोष्ट

मग विरोध कशाला झाला? त्या काळी शिकण्याचे नियम पक्के मानले जात. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा पावलॉव्ह यांचा प्रयोग अनेकांनी शाळेत वाचला असेल. त्यावरून असे ठरले होते की दोन गोष्टींची सांगड बसायची तर त्या लागोपाठ, काही सेकंदांच्या अंतराने घडल्या पाहिजेत. ती जोडी अनेकदा घडली पाहिजे. आणि कोणत्याही खुणेची सांगड कोणत्याही परिणामाशी सारख्याच सहजतेने घालता येते.

गार्सिया यांचे उंदीर यातला एकही नियम पाळत नव्हते. 1966 साली त्यांनी दाखवले की चव घेतल्यानंतर सव्वा तासाने मळमळ सुरू झाली तरी उंदीर दोष चवीलाच देतो. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग तर समजायला फारच सोपा आहे. उंदरांना गोड पाणी दिले आणि पाण्याला जीभ लागताच दिवा चमकेल व टक्‌ असा आवाज होईल अशी सोय केली. काही उंदरांना यानंतर आजारी पाडले, काहींना विजेचा सौम्य झटका दिला. पुढे चव आणि दिवा-आवाज वेगवेगळे करून तपासले. आजारी पडलेले उंदीर गोड चव टाळू लागले. दिव्याची आणि आवाजाची त्यांना फिकीर नव्हती. झटका बसलेले उंदीर दिव्याला आणि आवाजाला बिचकू लागले. गोड पाणी मात्र खुशाल पिऊ लागले.

अर्थ उघड आहे. पोट बिघडले की शरीर चवीकडे बोट दाखवते आणि कातडीला इजा झाली की डोळ्यांना दिसलेल्या, कानांना ऐकू आलेल्या गोष्टीकडे. विषारी पाला खाऊन वाचलेल्या जनावराने तो पाला ओळखून टाळावा, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. विष पोटात भिनायला वेळ लागतो, म्हणून सांगडही उशिराने बसू शकते.

हा निबंध नावाजलेल्या नियतकालिकांकडून साभार परत आला. अखेर तो एका नव्या, लहान नियतकालिकात छापला गेला. असे घडणे शक्यच नाही, असे म्हणणारे विद्वान होते. गार्सिया यांनी वाद घालण्यापेक्षा प्रयोग चालू ठेवले. पुढे इतर प्रयोगशाळांतही तेच आढळू लागले, आणि उंदीर चुकलेले नाहीत, नियमच अपुरे आहेत, हे मान्य करावे लागले. 1979 साली पुरस्कार आला, 1983 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. 2012 साली, वयाच्या 95 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आइस्क्रीमची परीक्षा

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. कॅन्सरवरील केमोथेरपीच्या अनेक औषधांनी मळमळ होते. मग औषधाच्या आधी खाल्लेल्या अन्नाचीही शिसारी बसत असेल का? अमेरिकेतील संशोधक आयलीन बर्नस्टीन यांनी हे लहान मुलांवर तपासले आणि 1978 साली प्रसिद्ध केले. केमोथेरपीच्या आधी मुलांना एका अनोळखी स्वादाचे आइस्क्रीम दिले. काही आठवड्यांनी विचारले, आइस्क्रीम हवे की खेळ? ज्यांना ते आइस्क्रीम मळमळ करणाऱ्या औषधाआधी मिळाले होते, त्यांच्यापैकी पाचातल्या साधारण एकानेच ते निवडले. इतर मुलांत मात्र दोन-तृतीयांश मुलांनी ते आनंदाने मागितले. उलटी औषधाने होते हे समजण्याइतक्या मोठ्या मुलांचीही सुटका झाली नव्हती.

आमच्या भागातून केमोथेरपीसाठी मुंबई-पुण्याला जाणारे पेशंट माझ्याकडे अधूनमधून येतात. त्यांतल्या एका आजोबांची सून एकदा डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टर, बाबांना माझ्या हातचा शिरा किती आवडायचा! औषधाच्या दिवशी अंगात ताकद राहावी म्हणून मी दर खेपेला मुद्दाम डब्यात देते. आता वाटी समोर धरली की तोंड फिरवतात. घरचे म्हणतात, म्हातारपणाचे नखरे आहेत." मी तिला म्हटले, "ताई, नखरे नाहीत आणि तुमच्या हाताची चवही गेलेली नाही. तुम्ही प्रेमाने दिलेला शिरा नेमका औषधाच्या वेळेला पोटात होता, म्हणून तो पकडला गेला." हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मला दिसले. तिने शिरा बंद करून मुगाचे धिरडे सुरू केले. आजोबा ते थोडे थोडे खाऊ लागले.

घरच्यांनी काय करावे

केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटच्या घरी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. औषधाच्या आधीचे आणि नंतरचे काही तास पेशंटचा लाडका पदार्थ देऊ नये. रोजच्या जेवणाचा आधार असलेले पदार्थही शक्यतो जपावेत. त्या वेळी साधे, हलके, थोडेच खायला द्यावे.

2. 'बळीचा बकरा' ही युक्ती उपयोगी पडते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना जेवण आणि औषध यांच्यामध्ये वेगळ्याच तीव्र स्वादाची गोळी चघळायला दिली. शिसारीचा रोख गोळीकडे वळला आणि जेवणातले पदार्थ बऱ्याच अंशी वाचले. ही गोळी रोजच्या खाण्यातली नसावी. मधुमेह असेल किंवा तोंड आले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अगदी लहान मुलांना कडक गोळी देऊ नये. ती घशात अडकू शकते.

3. शिसारी बसलेला पदार्थ बळजबरीने भरवू नये. डाळीची आमटी नको असेल तर धिरडे, पनीर, उकडलेले अंडे असा दुसरा मार्ग शोधावा. काही महिन्यांनी, मळमळ नसताना, तो पदार्थ चमचाभर देऊन पाहावा. पोट बिघडले नाही तर शिसारी हळूहळू कमी होते.

4. उलटी थांबवणारी औषधे आता पूर्वीपेक्षा खूपच चांगली मिळतात. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्यावीत. मळमळ सुरू होण्याची वाट पाहू नये. मळमळच झाली नाही तर शिसारी बसायला कारण उरत नाही.

5. अन्न नकोसे होण्याची इतरही कारणे असतात. काही औषधांनी तोंडाची चवच बदलते, काहींनी तोंड येते. पाणीही पोटात ठरत नसेल, दिवसभर काहीच खाल्ले नसेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना भेटावे.

कॅन्सर नसलेल्या घरांसाठीही दोन गोष्टी सांगतो. लहान मुलांचे कडू औषध दुधात कालवून देण्याची आपल्याकडे सवय आहे. औषधाने मूल ओकले तर ते दुधालाच दोषी धरते आणि पुढे दूध बंद होते. औषध वेगळे द्यावे, दूध वेगळे. दुसरे असे की शिसारी आणि ॲलर्जी यांत गल्लत करू नये. एखादा पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर ती ॲलर्जी. तिथे ताबडतोब दवाखाना गाठावा.

गार्सिया यांचे निरीक्षण नियमात बसत नव्हते, म्हणून त्यावर विश्वास ठेवायला विद्वानांना वर्षे लागली. पेशंटच्या तक्रारीचेही अनेकदा असेच होते. 'काल तर आवडीने खात होता, आज काय झाले?' असे आपण सहज म्हणून जातो. पेशंट ताट बाजूला सारतो तेव्हा रागावण्याआधी एवढेच विचारावे, की मागच्या वेळी बरे वाटत नव्हते तेव्हा यांच्या पोटात काय होते? उत्तर मिळाले की स्वयंपाकघरात पर्याय सापडतो, आणि आजारी माणसाच्या पोटात चार घास जातात. औषधाइतकीच त्या चार घासांचीही त्याला गरज असते.