छातीतल्या बॅटरीचा हिशेब

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला की घड्याळ बंद पडतं आणि आपण नवा सेल आणतो. पेसमेकरला बंद पडून कळवण्याची मुभा नाही, आणि त्याची बॅटरी चार्जही होत नाही. मग ती किती उरली हे कळतं कसं? संपादकांनी हा प्रश्न हाती दिला आणि मी पेसमेकर तपासणीच्या ओपीडीत जाऊन बसले.

पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला गेला. तो काही तासच चालला. नंतरचे पाऱ्याचे सेल दोनेक वर्षं टिकत, पण वायू सोडत, म्हणून डबी हवाबंद करता येत नसे. विल्सन ग्रेटबॅच यांनी लिथियम-आयोडीन सेल पेसमेकरच्या कामी आणला. १९७२ मध्ये इटलीत तो पहिल्यांदा रुग्णाच्या शरीरात गेला.

हा सेल विलक्षण आहे. त्यात द्रव नाही, वायू नाही. लिथियम आणि आयोडीन भेटतात तिथं लिथियम आयोडाइडचा घन थर आपोआप तयार होतो आणि वीज खर्च होईल तसा जाड होत जातो, नळात क्षार साचावेत तसा. सुरुवातीला शंभरएक ओहम असलेला अंतर्गत रोध शेवटी हजारो ओहमवर जातो, २.८ व्होल्टचा दाब हळूहळू उतरतो. त्या उतारावरूनच उरलेलं आयुष्य वाचता येतं.

"आजोबा, हलू नका हं," म्हणत तंत्रज्ञ ताईंनी गळ्याच्या हाडाखालच्या फुगवट्यावर मधे भोक असलेला चुंबक ठेवला. ईसीजीच्या पट्टीवरचे ठोके लगेच एका ठरावीक लयीत पडू लागले. काही बनावटींत बॅटरी चांगली असेल तर चुंबकाखाली मिनिटाला ८५ ठोके पडतात. बदलायची वेळ आली की ६५. "पंच्याऐंशी," ताई म्हणाल्या. आजोबांच्या सूनबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

काळजी पुढच्या पिढीच्या पेसमेकरांची आहे. आताचे पेसमेकर रेडिओवरून माहिती पाठवतात, त्यासाठी क्षणभर जास्त वीज लागते. जाड थराच्या सेलला ती झेपत नाही, म्हणून वेगळ्या रसायनांचे सेल आले. त्यांतल्या काहींचा दाब बराच काळ जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटाकडे घसरतो. अशा वेळी खर्च झालेली वीज मोजत राहावी लागते. पुढचा खर्च मात्र हृदयाला किती ठोके पुरवावे लागतील आणि प्रत्येक ठोक्याला किती जोर लागेल यावर ठरतो, म्हणून पडद्यावर दिसणारी वर्षं हा अंदाजच असतो. लवकर बदलला तर चांगलं यंत्र वाया जातं, रुग्णाला विनाकारण शस्त्रक्रिया सोसावी लागते. उशीर झाला तर जिवावर बेततं. बॅटरी एकटी बदलता येत नाही, अख्खी डबी काढावी लागते.

या अंदाजावर गरिबांचे प्राणही अवलंबून असतात. अमेरिकेतल्या मृत व्यक्तींच्या शरीरातून काढलेले पेसमेकर मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना बसवले गेले. असं यंत्र दुसऱ्याला द्यायचं तर बॅटरी किती उरली हे आधी पाहावंच लागतं.

बदलीचा इशारा मिळाल्यावर साधारण तीन महिन्यांची मुदत असते. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांचं कार्ड जवळ ठेवा आणि तपासणीची तारीख चुकवू नका, त्यांना कितीही बरं वाटत असलं तरी.