टाच किती उंच, उतार किती?

गेल्या हिवाळ्यात नागपुरात एका लग्नाचा स्वागतसमारंभ हिरवळीवर होता. गवताला नुकतेच पाणी मारलेले, खाली आपली काळी माती. माझ्या भाचीच्या नव्या सँडलची टाच तीत रुतली, तोल गेला आणि घोटा मुरगळला. पुढच्या आठवड्यात बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला ती लंगडत गेली. तिची आजी मात्र त्याच हिरवळीवर साध्या चपलांनी खुशाल हिंडत होती, आणि आजीचे वजन भाचीपेक्षा बरेच जास्त आहे!

आता घरात पुन्हा लग्न आहे, म्हणून सीताबर्डीला पुन्हा खरेदी. "मावशी, शोभेल असे काही घालायचेच नाही का मी?" असे तिने विचारले, तेव्हा मी तिला पट्टी आणि आलेख कागद घेऊन बसवले. तुम्हीही घ्या.

भाचीचे वजन 50 किलोग्रॅम. चालताना क्षणभर हा सगळा भार एकाच टाचेवर येतो. निमुळत्या टाचेचे टोक 1 चौरस सेंटिमीटर असेल, तर दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला 50 किलोग्रॅम. (वजन न्यूटनमध्ये सांगावे हे शिक्षकांचे म्हणणे मान्य, येथे फक्त तुलना करायची आहे.) चार टनांचा हत्ती घ्या. प्रत्येक पाऊल सुमारे 1000 चौरस सेंटिमीटर धरले, तर उभ्या हत्तीचा दाब येतो सुमारे 1 किलोग्रॅम. 1950 नंतर अशा अणकुचीदार टाचांची लाट आली, तेव्हा लाकडी फरश्यांनाच नव्हे, विमानांच्या पातळ तळालाही खळगे पडू लागले होते. तीच टाच 4 सेंटिमीटर लांब व 4 सेंटिमीटर रुंद केली, की दाब सोळाव्या हिश्शावर येतो. उंची तेवढीच राहते.

जमिनीचे हे झाले, पण पायाचे काय? टाच आणि चवडा यांतले अंतर मोजा. भाचीचे 16 सेंटिमीटर भरले. सँडलची टाच 8 सेंटिमीटर उंच. म्हणजे उताराच्या कोनाचा साइन 8 भागिले 16, अर्थात अर्धा; कोन 30 अंश. अशा उतारावर वजनाचा बराच भाग चवड्यावर जातो आणि पाऊल पुढे घसरू पाहते. टाचेखालची बैठक थोडी सपाट करून कारागीर ही ओढ कमी करतो, पण ती नाहीशी होत नाही. त्यात पुढचे टोक निमुळते असले, की बोटे पाचरीसारखी आत ठोकली जातात.

आता गंमत पाहा. चवड्याखालीही 3 सेंटिमीटर जाड तळ असेल, तर फरक उरतो 5 सेंटिमीटरचा आणि कोन उतरतो सुमारे 18 अंशांवर. बाहेरून दिसणारी उंची तीच. सँडल निवडताना नुसती टाच मोजू नका, पुढची जाडी वजा करा. अर्थात तळ फार जाड केला, तर पाऊल कलंडल्यावर घोटा जास्तच मुरगळतो. तेव्हा यालाही मर्यादा आहे.

सपाट चप्पल म्हणजे बेंगरूळ, असे समजणाऱ्यांनी कोल्हापुरी आठवावी. महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला मांडल्यावर केवढा गदारोळ झाला! पण सपाट म्हणजे आपोआप सुखाची, असेही नाही. नवी कोल्हापुरी चावते, आणि तिचा कडक तळ फरशीचे धक्के फारसे शोषत नाही. रोज चार तास वर्गात उभे राहून शिकवते, म्हणून हे अनुभवाने सांगते.

राहिला आकार. आलेख कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढा, तिच्यावर सँडल ठेवा. जितके चौकोन बाहेर उरतील, तितका पाय आत चेपला जाणार. हे माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभे राहून, त्यातून नागपूरच्या उन्हाळ्यात, पाय सुजलेले असतात, आणि लग्न तर मे महिन्यात आहे.

भाचीने शेवटी रुंद टाचेची, घोट्याला पट्टा असलेली जोडी घेतली. टाच 6 सेंटिमीटर, पुढची जाडी 2. कोन तिने दुकानातच काढला. समारंभ सभागृहात आहे की हिरवळीवर, हेही आता तिने आधीच विचारून ठेवले आहे.