महाडचा सावित्री पूल: १९२८ ते २०१७

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाताना महाडजवळ सावित्री नदी लागते. इथला जुना दगडी कमानींचा पूल १९२८ चा, ब्रिटिश काळातला. कमानींचा सगळा भार खांबांवर, म्हणजे शेवटी पायावर येतो. पुराने खांब हलला की शेजारच्या कमानीही ढासळतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नेमका हा पूल कोसळला. महाबळेश्वरच्या पावसाने सावित्रीला महापूर आला होता. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस आणि काही प्रवासी वाहून गेले. शेजारचा नवा पूल मात्र टिकला.

त्यानंतर जुन्याच्या जागी अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. ५ जून २०१७ ला, पावसाळ्याच्या तोंडावर, तो वाहतुकीला खुला झाला. तुमच्या गावाजवळ असा ब्रिटिशकालीन पूल आहे का? फोटो टाका!