अराज्यवाद्यांचे दप्तर

राज्यसंस्था आणि तिची दंडशक्ती यांवाचून केवळ परस्परसहकार्याने समाज चालवता येईल, असे मानणाऱ्या विचारधारेला अराज्यवाद म्हणतात. सरकारी दप्तरांवर मुळीच विश्वास नसलेल्या या चळवळीचे स्वतःचे दप्तर मात्र ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत अत्यंत शिस्तीने लावून ठेवलेले आहे, आणि त्याचा मोठा भाग घरबसल्या, विनाशुल्क पाहता येतो.

युरोपातील हुकूमशाही राजवटी कामगार चळवळीची ग्रंथालये व कागदपत्रे जप्त करीत असताना, १९३५ साली, आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक निकोलास पोस्थुमस यांनी ही संस्था स्थापन केली, आणि तिला पैसा पुरवला तो डच कामगार चळवळीशी संबंध असलेल्या एका विमा कंपनीने. त्याच वर्षी संस्थेने माक्स नेट्लाऊ यांचा संग्रह विकत घेतला. केल्टिक भाषांचे अभ्यासक असलेल्या नेट्लाऊंनी वडिलोपार्जित पैशावर आयुष्यभर अराज्यवाद्यांची पुस्तके, पत्रके व हस्तलिखिते जमवली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनवाढीत तो पैसा मातीमोल झाला, म्हणूनच संग्रह विकण्याची पाळी त्यांच्यावर आली. १९३८ मध्ये, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्या सुमारास, संस्थेच्या ग्रंथपाल ॲनी आडामा फान स्केल्टेमा यांनी त्या संग्रहातील, रशियन अराज्यवादी मिखाईल बाकुनिनची हस्तलिखिते व्हिएन्नाहून बाहेर काढली. पुढे १९४० साली जर्मनांनी संस्थेला टाळे ठोकले आणि बराचसा संग्रह जर्मनीत नेला. युद्धानंतर त्यातील पुष्कळ भाग परत मिळाला.

या दप्तराचे मोल बाकुनिनच्या ‘ईश्वर आणि राज्य’ या प्रसिद्ध पुस्तिकेवरून कळते. ती इंटरनेटवर कोठेही फुकट मिळते आणि नवखा वाचक ती एक पूर्ण ग्रंथ समजून वाचतो. वस्तुतः तो एका मोठ्या, अपुऱ्या राहिलेल्या फ्रेंच लेखनाचा तुकडा असून बाकुनिनच्या मृत्यूनंतर, १८८२ साली, कार्लो काफिएरो व एलिझे रेक्ल्यू या अराज्यवाद्यांनी तो छापला, शीर्षक त्यांनीच दिले आणि भाषेवर आपला हातही फिरवला. मूळ लेखनच अपुरे असल्याने मजकूर मध्येच तुटतो. ॲमस्टरडॅमच्या संकेतस्थळावर संग्रहाची सूची उघडून, तीतील क्रमांकावरून बाकुनिनच्या कागदांच्या प्रतिमांपर्यंत गेले, की फ्रेंच येणाऱ्याला लेखक आणि संपादक यांच्यातील अंतर स्वतः तपासता येते. फ्रेंच न येणाऱ्याची येथे अडचण होते, हे खरे. त्याने अराज्यवादी एमा गोल्डमन यांच्या कागदपत्रांकडे वळावे, कारण त्यांत इंग्रजी पत्रव्यवहार भरपूर आहे.

‘लिबर्टेरियन’ हे विशेषण युरोपातील अराज्यवादी समाजवाद्यांनी एकोणिसाव्या शतकापासून स्वतःला लावले, तर अमेरिकेत विसाव्या शतकात ते खासगी मालमत्ता व मुक्त बाजारपेठ यांच्या समर्थकांकडे गेले. या दुसऱ्या परंपरेचे अभिजात ग्रंथ अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील लिबर्टी फंड या संस्थेच्या ऑनलाइन ग्रंथालयात मोफत आहेत. या दोन्ही प्रवाहांची गाठ मुंबईतही पडलेली दिसते. तरुण श्रीपाद अमृत डांगे यांना १९२०च्या दशकाच्या आरंभी मार्क्सवादी अभ्यासासाठी आर्थिक साहाय्य करणारे उद्योजक रणछोडदास लोटवाला पुढे साम्यवादापासून दूर गेले. १९३५ पासून मुंबईत राहणारे, मद्रासचे अराज्यवादी एम. पी. टी. आचार्य लोटवालांच्या संस्थेशी जोडले गेले, आणि १९४७ मध्ये त्या संस्थेने ‘लिबर्टेरियन सोशलिस्ट इन्स्टिट्यूट’ असे नाव घेतले. आचार्य १९५४ साली वारले. लोटवालांच्या वर्तुळातून निघालेले ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे इंग्रजी नियतकालिक मात्र उत्तरोत्तर बाजारवादाकडे झुकले. भारतीय उदारमतवादी लेखनाच्या ‘इंडियन लिबरल्स’ या संकेतस्थळावर त्याचे अंक वाचता येतात.

मराठी वाचकाने आरंभ याच अंकांपासून करावा, कारण त्यांतील वाद नेहरूकालीन नियोजन, परवाने आणि सहकारी शेती यांसारख्या परिचित प्रश्नांवरचे आहेत. बाकुनिन त्यानंतर उघडावा, आणि तोही सूचीसकट.