नाताळच्या झाडाचा तोल

रानात उभ्या असलेल्या सूचिपर्णी वृक्षाची मुळे आडवी पसरून त्याचा पाया रुंद करतात, मातीचा भार स्वतःशी जखडून ठेवतात आणि खोडाला पाणीही पुरवतात. तेच झाड नाताळसाठी कापून घरात आणले की ही तिन्ही कामे एका लहानशा बैठकीवर, म्हणजे स्टँडवर, येऊन पडतात. झाड कलंडले की दोष त्याच्या उंचीला दिला जातो, परंतु मुळांची जागा घेणारी ही बैठक अपुरी असणे, हेच बहुधा त्याचे खरे कारण असते.

स्ट्रासबुर्ग येथील १६०५ सालच्या एका नोंदीत दिवाणखान्यात उभारलेल्या आणि कागदी गुलाब व सफरचंदांनी सजवलेल्या झाडांचा उल्लेख आढळतो. दक्षिण पोलंडमध्ये मात्र झाडाचा शेंडा छताच्या तुळईला टांगण्याची रीत होती, आणि तोलाच्या दृष्टीने ती सर्वांत निर्धोक म्हटली पाहिजे, कारण टांगलेल्या वस्तूचा भार आधाराच्या खाली असल्याने धक्का बसला तरी ती झुलून पुन्हा मूळ जागी येते.

जमिनीवरच्या झाडाला ही सवलत नाही. वस्तूचे सगळे वजन ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते त्याला गुरुत्वमध्य म्हणतात, आणि त्यातून सरळ खाली काढलेली रेषा बैठकीच्या पायांची टोके जोडणाऱ्या सीमेच्या आत पडते तोवरच झाड उभे राहते. दोन मीटर उंच झाडाचा गुरुत्वमध्य, खालच्या फांद्या जड असल्यामुळे, समजा ७० सेंटीमीटर उंचीवर असला, तर झाड अवघे पाच अंश कलल्यावर ती रेषा सहा सेंटीमीटर सरकते. आता बैठकीचे पाय २० सेंटीमीटर लांब असले तरी झाड पायाच्या दिशेने नव्हे, तर दोन पायांमधल्या मोकळ्या बाजूने पडते, आणि त्या बाजूची सीमा चार पायांच्या बैठकीत मध्यापासून १४ सेंटीमीटरवर, तर तीन पायांच्या बैठकीत केवळ १० सेंटीमीटरवर असते. तीन पाय ओबडधोबड फरशीवर डगमगत नाहीत म्हणून ते भरवशाचे वाटतात, पण हा भरवसा फसवा आहे. बैठकीसह १५ किलो वजनाचे सरळ उभे झाड दीड मीटर उंचीवर ढकलून पाडण्यास चार पाय असताना सुमारे १.४ किलो, तर तीन पाय असताना एक किलो वजनाइतका जोर पुरतो. फांदी ओढणाऱ्या मुलाला तो सहज लावता येतो.

जुन्या पद्धतीच्या बैठकीत कड्याच्या बाजूंनी बसवलेले तीन-चार स्क्रू पिळून बुंधा पकडला जातो आणि एखादा स्क्रू जास्त पिळला गेला की झाड तिरके होते, म्हणून एकाने झाड धरायचे आणि दुसऱ्याने फरशीवर आडवे होऊन स्क्रू फिरवायचे, अशी दोघांची कसरत चालते. बव्हेरियातील शेतकरी क्लाउस क्रिनर यांनी काढलेल्या तोडग्यात एकाच तारेने जोडलेल्या सगळ्या पकडी पायाने पट्टी दाबताच एकदम आवळल्या जातात, त्यामुळे वेड्यावाकड्या बुंध्यावरही दाब सारखा वाटला जातो.

बुंधा कड्यात मावत नसेल तर तो तासून बारीक करणे दुहेरी तोट्याचे आहे, कारण पाणी वर नेणारे लाकूड, म्हणजे रसकाष्ठ, सालीलगतच्या थरांतच असते, शिवाय तासलेला बुंधा कड्यात घट्ट बसत नाही. त्याऐवजी मोठी बैठक घ्यावी आणि जुना काप राळेने बंद झालेला असल्याने तळाचा दोन-अडीच सेंटीमीटरांचा तुकडा काटकोनात कापून टाकावा. तिरक्या कापाने पाणी अधिक शोषले जात नाही, उलट झाड नीट टेकत नाही. बुंध्याच्या व्यासाच्या दर अडीच सेंटीमीटरांमागे साधारण एक लिटर पाणी, हा अमेरिकेत रूढ असलेला ठोकताळा पाळला तर दहा सेंटीमीटर जाड बुंध्याखाली चार किलोंचा भार अगदी तळाशी मिळतो. पाणी आटले की झाड वाळते आणि हा भारही जातो.

लहान मुले किंवा मांजर असलेल्या घरात दोन-तृतीयांश उंचीवरून मासेमारीची बारीक दोरी भिंतीतल्या हुकाला बांधणे इष्ट ठरते, कारण इतक्या उंचीवर थोडा ताणही पुरतो. पडद्याच्या दांडीला मात्र ती बांधू नये.

महाराष्ट्रात आणि गोव्यात प्रश्न थोडा निराळा असतो. येथे सुरूची फांदी वाळूने भरलेल्या बादलीत रोवता येते, आणि तेव्हा वाळू ओली करून ठासणे महत्त्वाचे असते, कारण कोरडी वाळू खोडाभोवती ढिली पडते. रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारे जिवंत झाड बहुधा अरौकारिया असते. त्याच्या कुंडीत नारळाचा भुसा अधिक असेल तर ती सुकल्यावर फारच हलकी होते, म्हणून ती दगडगोटे घातलेल्या रुंद, जड कुंडीत बसवावी. या कुळातील कुक पाइन मोकळ्या जमिनीवरही विषुववृत्ताकडे झुकतो, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा कल सरासरी साडेआठ अंश भरला. घरात अरौकारियाचे रोप खिडकीतल्या उजेडाकडे वळते, त्यामुळे कुंडीला दर आठवड्याला पाव वळसा द्यावा लागतो. वाकलेले खोड एकदा लाकडासारखे कडक झाले की काठी बांधूनही ते सहसा सरळ होत नाही.