माळीकामाची गाडी : ॲव्हरेजबद्दलचे सात गैरसमज

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायट्यांची, बंगल्यांची आणि कंपन्यांच्या आवारातली हिरवळ राखणारे छोटे ठेकेदार शेकड्यांनी आहेत. दोन-तीन माळी, एक लॉन मोअर, दोन ग्रास कटर, फवारणीचा पंप, पाइपाची गुंडाळी, खुरपी आणि दंताळी, एवढा त्यांचा संसार. चार बागा असतात तोवर दुचाकीवर भागतं. बागा दहा झाल्या की पहिली चारचाकी घ्यायची वेळ येते आणि शोरूममध्ये पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारला जातो, ‘ॲव्हरेज किती देते?’

प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. रिक्षावाल्याला किलोमीटरचे पैसे मिळतात, माळीकामाच्या ठेकेदाराला बागेचे मिळतात. त्यामुळे त्याचा इंधनाचा हिशेबही किलोमीटरमागे नाही, बागेमागे लावायला हवा. तसा लावला की पुढच्या गैरसमजांचा गुंता सुटू लागतो.

गैरसमज १ : कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज मिळालं नाही, म्हणजे गाडीत खोट आहे.

वस्तुस्थिती : जाहिरातीतला आकडा रस्त्यावरचा नसतो. वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थांमध्ये गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळी ब्रेक लावत ती ‘चालवली’ जाते. मोटारींसाठी वर्षानुवर्षं वापरलेली चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतली आहे. तीत जेमतेम अकरा किलोमीटर अंतर पडतं, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो. सर्व गाड्यांना एकच परीक्षा असल्यामुळे हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम आहे. आपला महिन्याचा खर्च सांगायला मात्र तो नाही.

माळीकामाची गाडी या परीक्षेपासून फारच दूर चालते. सकाळी बाणेरला थांबली, दोन तासांनी तीन किलोमीटरवरच्या बालेवाडीला निघाली, तिथून पुन्हा दोन तासांनी पाषाणला. प्रत्येक वेळी इंजिन थंड होतं आणि थंड इंजिन पहिली काही मिनिटं जास्त इंधन पितं. ते पुरतं तापेपर्यंत पुढची बाग आलेली असते. म्हणून कागदावरच्या आकड्यातून पाव हिस्सा वजा करून हिशेब सुरू करावा. गाडी हाती आली की टाकी फुल ते टाकी फुल मोजावं आणि पुढे तोच आकडा खरा धरावा.

गैरसमज २ : पेट्रोलची गाडी १५ देते, सीएनजीची २०. म्हणजे सीएनजीचं इंजिन जास्त कसदार.

वस्तुस्थिती : पेट्रोल लिटरवर मिळतं, सीएनजी किलोवर. एक किलो सीएनजीमधली ऊर्जा साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी असते. म्हणजे किलोला २० हा आकडा लिटरला १५ पेक्षा मोठा दिसला, तरी इंजिनाच्या कसाबद्दल तो काहीच चांगलं सांगत नाही. सीएनजीमधली बचत येते ती दरातून. त्यामुळे तुलना किलोमीटरची नको, रुपयांची हवी.

समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो आहे. वरच्या आकड्यांनी पेट्रोलवर किलोमीटरला ७ रुपये पडतात आणि सीएनजीवर साडेचार. फरक अडीच रुपयांचा. सीएनजीची गाडी एक लाखाने महाग आहे असंही धरू. गाडी रोज ४० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस धावली, तर वर्षाला ३० हजार वाचतात आणि वरचा लाख तीन वर्षं चार महिन्यांत फिटतो. तीच गाडी रोज १५ किलोमीटरच धावली, तर वर्षाला सव्वाअकरा हजार वाचतात आणि लाख फिटायला जवळजवळ नऊ वर्षं लागतात. ज्याच्या साऱ्या बागा एकाच उपनगरात आहेत, त्याला सीएनजी ‘स्वस्त’ नाही. तो पुढच्या दशकाचं इंधन आजच विकत घेतो आहे.

सीएनजीचे आणखी तीन खर्च शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पहिला भारक्षमतेचा. मारुतीच्या सुपर कॅरीचं पेट्रोल रूप ७४० किलो वाहतं आणि सीएनजी रूप ६२५ किलो, कारण टाक्यांना वजन असतं. ताकदही सुमारे ८० पीएसवरून ७२ पीएसवर येते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, भरल्या गाडीने सूस किंवा कात्रजचा चढ घेताना जाणवतं. दुसरा खर्च टाकीच्या दर तीन वर्षांनी करायच्या दाबचाचणीचा. तिसरा सर्वांत मोठा, रांगेचा. सकाळी आठ वाजता तीन माळ्यांना खोळंबून ठेवून पंपावर पाऊण तास उभं राहिलं, तर गॅसवर वाचलेले पैसे मजुरीत गेले. सीएनजी घ्यायचा तर तो रात्री किंवा भल्या पहाटे भरायची शिस्त हवी.

गैरसमज ३ : मालवाहू गाडी म्हटली की डिझेलच.

वस्तुस्थिती : ही समजूत एके काळी खरी होती. डिझेलचा दर सरकार ठरवत होतं तेव्हा ते पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त असे. पेट्रोल २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि तेव्हापासून दोन्हींतलं अंतर घटलं. टाटांचा ‘छोटा हत्ती’ २००५ मध्ये रस्त्यावर आला तो डिझेलवरच. त्या काळी ज्यांनी धंदा उभा केला त्यांचा अनुभव खोटा नाही. फक्त तो त्या दरांचा आहे.

दुसरा बदल एप्रिल २०२० पासूनचा. बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराची शुद्धीकरण यंत्रणा गुंतागुंतीची आणि महाग झाली. ज्या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना तो जाळून साफ करण्यासाठी मधूनमधून सलग, तापलेल्या इंजिनाची धाव लागते. तीन-तीन किलोमीटरच्या तुकड्यांत ती मिळत नाही आणि फिल्टर तुंबतो. डिझेल पुणे-नगर रोज करणाऱ्याला शोभतं, औंध-बाणेर करणाऱ्याला नाही. जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते हेही खरं आहे. पण व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी काढावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागू होतो. स्वस्ताईत हे दोन्ही धरायला हवं.

गैरसमज ४ : एकदाच मोठी गाडी घ्यावी. माती, शेणखत, कचरा, सगळं तीतच.

वस्तुस्थिती : रोजचं ओझं किती, हे आधी वजनकाट्यावर पाहावं. ढकलायचा पेट्रोल मोअर ३०-४० किलोंचा असतो, ग्रास कटर सात-आठ किलोंचा. पंप, पाइप, अवजारं आणि खताच्या दोन गोण्या धरल्या तरी दोन-अडीचशे किलोंच्या वर क्वचितच जातं. एवढ्यासाठी मोठी गाडी रोज रिकामी फिरवणं म्हणजे लोखंड वाहण्यासाठी इंधन जाळणं.

‘पण लाल मातीचं काय?’ हिरवळीवर वर्षातून एक-दोनदा मातीचा थर द्यावा लागतो, म्हणून मोठी गाडी हवी असा युक्तिवाद असतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि तेवढ्या मातीचं वजन चार टनांच्या घरात जातं. पाऊणटनी छोट्या हत्तीत पाव ब्राससुद्धा कायद्याने बसत नाही. म्हणजे मातीसाठी मोठी गाडी घेतली तरी माती भाड्याच्या टेम्पोनेच येणार. वर्षातल्या चार दिवसांसाठी गाडी भाड्याने घ्यावी. उरलेल्या दिवसांसाठी आपली गाडी बेताची असावी.

राहिला कचरा. पावसाळ्यात हिरवळ आठ-दहा दिवसांनी कापावी लागते आणि ताज्या गवताचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असतो. म्हणजे आपण डिझेल जाळून पाणी वाहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आवारातच वेगळा साठवायला सांगितला आणि मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली. त्यामुळे करार करतानाच ‘गवत तुमच्याच खतखड्ड्यात जाईल’ हे कलम घालावं. इंधनाची ही सर्वांत स्वस्त बचत आहे. तिला नवी गाडी लागत नाही.

गैरसमज ५ : मग सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त ॲव्हरेजची गाडी घेतली की झालं.

वस्तुस्थिती : छोट्या मालवाहू गाडीच्या केबिनमध्ये चालक आणि एक माणूस बसतो. उरलेल्या दोन माळ्यांना हौद्यात, मोअरशेजारी बसवणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही. मग ते दुचाकीवर येतात आणि तिच्या पेट्रोलचे पैसे ठेकेदारच देतो. किंवा गाडी दोन खेपा करते. तसं झालं तर २० चं ॲव्हरेज प्रत्यक्षात १० वर येतं, आणि हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. गाडी निवडताना माणसं आणि अवजारं एकाच खेपेत बसतात का, हे आधी पाहावं. लिटरमागे किती, हे नंतर.

कागदपत्रांच्या भीतीने काही जण मालवाहू गाडी टाळून जुनी खासगी व्हॅन धंद्याला जुंपतात आणि अपघात झाला की विम्याच्या दाव्यात अडकतात. भीती बरीचशी अनाठायी आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे भरलेल्या वजनासह ३००० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोंपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

गैरसमज ६ : इलेक्ट्रिक गाडी मध्येच बंद पडेल. आपल्या धंद्याची ती नव्हे.

वस्तुस्थिती : रोजची धाव ठरलेली, अंतर कमी, रात्री गाडी एकाच जागी उभी. विजेच्या गाडीला शोभणारं वेळापत्रक याहून वेगळं नसतं. शिवाय सिग्नलवर आणि बागेच्या फाटकापाशी उभी असताना तिची मोटर काहीच खात नाही. टाटा एसचं, म्हणजे छोट्या हत्तीचं, इलेक्ट्रिक रूप मे २०२२ मध्ये आलं, २१.३ युनिटची बॅटरी आणि चाचणीतली धाव १५४ किलोमीटर घेऊन. रस्त्यावर त्यातला एक तृतीयांश भाग वजा केला तरी शंभर किलोमीटर उरतात आणि माळीकामाचा दिवस त्याच्या निम्म्यातच संपतो.

खर्च किलोमीटरला पाव युनिट धरला आणि युनिटचा दर बारा रुपये, तरी तीन रुपयांत काम होतं. पण ‘खर्च शून्य’ हा उलट बाजूचा गैरसमज आहे. मघाच्याच ४० किलोमीटरच्या हिशेबाने पेट्रोलच्या तुलनेत वर्षाला ४८ हजार वाचतात. गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग असेल, तर ते फिटायला सव्वासहा वर्षं लागतील आणि कर्जाचं व्याज वेगळंच. शिवाय एक अट पहिल्याच दिवशी तपासावी : रात्री गाडी उभी राहते तिथे आपला मीटर आहे का? रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने सार्वजनिक चार्जिंगच्या भरवशावर ही गाडी घेऊ नये.

गैरसमज ७ : धंद्यातलं इंधन गाडीच खाते.

वस्तुस्थिती : हा सर्वांत महागाचा गैरसमज. पेट्रोलचा ग्रास कटर जोरात चालला तर तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेतो. दोन कटर रोज तीन-तीन तास चालले, तर तीन ते सहा लिटर गेले. १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी ४० किलोमीटरला पावणेतीन लिटर पिते. म्हणजे ज्या गाडीच्या एका-दोन किलोमीटरवरून शोरूममध्ये घासाघीस होते, तिच्याहून जास्त पेट्रोल हौद्यातली अवजारं पितात. बंगल्यांच्या लहान हिरवळीला विजेचा किंवा बॅटरीचा मोअर आणला, तर होणारी बचत गाडी बदलून होणाऱ्या बचतीशी सहज बरोबरी करेल, आणि तीही थोड्या भांडवलात.

अवजारांची आणखी एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. गाडीच्या ॲव्हरेजवर याचा परिणाम थोडा होतो, पण इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात महिनाभर कॅनमध्ये राहिलेलं पेट्रोल कटरच्या कार्ब्युरेटरला बाधतं. लागेल तेवढंच, आठवड्याचंच पेट्रोल भरावं. उघडा कॅन गाडीत ठेवू नये.

चाकांतली हवा दर आठवड्याला तपासणं, फाटक उघडेपर्यंत इंजिन बंद करणं, हौद्यात कायमचा पडून राहिलेला जड पसारा काढणं, हे सल्ले जुने आहेत आणि खरे आहेत. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्यातच इंधन वाचतं.

गाडी घेण्यापूर्वी एक महिना वहीत चार रकाने भरावेत : कोणती बाग, किती किलोमीटर, किती माणसं आणि किती वजन, अवजारांत किती पेट्रोल. महिनाअखेरीस एका बागेमागे किती रुपयांचं इंधन जळलं ते निघतं. रोजची धाव वीस किलोमीटरच्या आत असेल, तर साधी पेट्रोल गाडी, तीही चांगल्या स्थितीतली वापरलेली, पुरते. चाळीसच्या पुढे असेल आणि पंप वाटेवर असेल, तर सीएनजी. तेवढीच धाव असून दारात मीटर असेल आणि गाडी सहा-सात वर्षं ठेवायची असेल, तर इलेक्ट्रिक. आणि चारपैकी दोन बागा गावाच्या दुसऱ्या टोकाला असतील, तर आधी त्या दोन बागा सोडून जवळच्या दोन मिळवाव्यात. त्याने होणारी बचत कोणत्याच कंपनीची कोणतीच गाडी देऊ शकत नाही.